बांधून आणलेलं इंजिन सुरू होत नसेल तर

पनवेलकडे भात निघालं की भाजीच्या मळ्यांना पाणी हवं, आणि नेमकं तेव्हाच नवं बांधून आणलेलं डिझेल इंजिन हटून बसतं. मिस्त्रीला बोल लावण्याआधी नळ्यांतली हवा काढा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग नोझलच्या नळीचं नट ढिलं करून हॅंडल मारा, तिथंही तसंच.

नोझल काढून फवारा बघताना हात पुढे धरू नका. ते डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच इस्पितळ गाठा.

डिझेल येतंय, पण हॅंडल हलकंच फिरतंय? टॅपेट जादा आवळलेले असतील. आत ठक्‌ लागलं तर मात्र थांबा. टायमिंगच्या दात्यांची खूण चुकली असेल. जोर लावाल तर व्हॉल्व्ह वाकेल.