परवाना कोणाच्या हाती?



अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्कावर मोठा वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, शस्त्र हा नागरिकाचा हक्क आहे. दुसरा म्हणतो, निर्बंधावाचून जीविताची शाश्वती नाही. तुम्ही मात्र आणखी एक प्रश्न विचारावा: परवाना कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला?

गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरविला. परवाना देणारे मंडळ गोऱ्यांचे होते. १९५६ साली माँटगोमेरी शहरात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्यांनी शस्त्राचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. ज्याच्या जिवाला धोका उघड होता, त्यालाच कायद्याने रिकाम्या हाती परत पाठविले!

२०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शस्त्र जवळ बाळगण्यासाठी विशेष गरज सिद्ध करावयास लावणारा न्यूयॉर्क राज्याचा नियम रद्द केला. म्हणून शस्त्रे सर्वांच्या हाती द्यावीत काय? नाही. डॉ. किंग यांनीही पुढे घरात शस्त्र ठेवले नाही. निर्बंध अवश्य असावा. पण त्याची कसोटी सर्वांना एकच असावी, ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसावी. आणि ज्याला राज्य शस्त्र नाकारते, त्याच्या रक्षणाची जबाबदारी राज्यानेच पत्करली पाहिजे. दुर्बलाला शस्त्रही न देणारा आणि संरक्षणही न देणारा कायदा न्यायाचा नव्हे, तो बळवंताचा पहारेकरी होय.