उन्हाळा पचमढीचा, पावसाळा चिखलदऱ्याचा



सुट्टीला कुठे जावे, हा वाद युरोपातली माणसे दर हिवाळ्यात घालतात. बर्फावर घसरायला स्वित्झर्लंड बरे की ऑस्ट्रिया, फ्रान्स की इटली? स्वित्झर्लंडमध्ये लिफ्ट वक्तशीर, पण जेवणाचे बिल आले की घाम फुटतो. इटलीत जेवण स्वस्त आणि चवदार. यावर तिथल्या लोकांनी युक्ती काढली आहे. स्वित्झर्लंडच्या झेरमॅटमध्ये मुक्काम करायचा, घसरत घसरत सरहद्द ओलांडून इटलीतल्या चेर्विनियाला उतरायचे, तिथे जेवायचे आणि लिफ्टने परत यायचे. 2023 पासून तर या दोन्ही बाजू रोपवेने थेट जोडल्या आहेत. ऑस्ट्रियाच्या इशग्लहून लोक असेच पलीकडच्या साम्नाउनला जातात. ते स्विस गाव करमुक्त असल्यामुळे खरेदीही होऊन जाते. डोंगर एक, देश दोन, तिकीट एकच.

तुम्ही म्हणाल, मोर्शीत उन्हाच्या झळा लागताहेत आणि हा माणूस बर्फाचे काय सांगत बसलाय? सांगतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण डोंगर एक आणि मुलूख दोन, हे दुखणे आपल्यालाही आहे. आपला डोंगर सातपुडा. त्याच्या अंगावर थंड हवेची दोन ठिकाणे आहेत, महाराष्ट्रात चिखलदरा आणि मध्य प्रदेशात पचमढी. वऱ्हाडात कोणत्याही लग्नघरी विचारा, नवरानवरी कुठे जाणार? अर्धे म्हणतील चिखलदरा, उरलेले म्हणतील, ‘चिखलदऱ्याले कायले जाता? पचमढीले जा ना!’

उंचीने हा वाद मिटत नाही. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरवर आहेत आणि चिखलदरा पचमढीपेक्षा थोडा उंचच आहे. पचमढीजवळचा धूपगड साडेतेराशे मीटरचा, साऱ्या सातपुड्यात सर्वांत उंच. पण तो सूर्यास्त पाहायचा डोंगर आहे, राहायचा नाही.

मग फरक पडतो कशाने? माझे उत्तर आहे, खडकाने. चिखलदरा उभा आहे काळ्या दगडावर, म्हणजे ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर. पुण्यापासून अमरावतीपर्यंत हाच दगड पसरला आहे. पावसाचे पाणी त्याच्यावरून झपाट्याने वाहून जाते, भेगांमध्ये शिरेल तेवढेच थांबते. म्हणून चिखलदऱ्याचे धबधबे ऑगस्टात वेड लावतात आणि मार्चमध्ये दिसेनासे होतात. पचमढीचा दगड वेगळा. तो गोंडवन काळातला वालुकाश्म, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, जाडच्या जाड थरांचा. त्याच्या कणाकणांत पाणी मुरते आणि वर्षभर हळूहळू झिरपत राहते. तिथले बरेच ओढे भर उन्हाळ्यात वाहते असतात. पाणी कातळ कोरत गेले म्हणूनच तिथे खोल घळी आणि गुहा झाल्या. जटाशंकर, गुप्त महादेव या दाटीवाटीच्या जागा त्यातूनच घडल्या. आदिमानवाने रंगवलेली चित्रे जिथे आहेत ते खडकांचे आडोसेही त्याच दगडाचे.

मोर्शी-वरूडच्या संत्रा बागायतदाराला पाणी मुरण्याचे महत्त्व मी काय सांगणार? हजार फुटांच्या बोअरच्या गोष्टी आपण रोज ऐकतो आणि आपला तालुका भूजलाच्या नकाशावर कोणत्या रंगात दाखवतात तेही आपल्याला ठाऊक आहे. मे महिन्यात चिखलदऱ्याला पिण्याच्या पाण्यासाठी हाल होतात, नेमकी तेव्हाच तिथली हॉटेले भरतात. आल्प्समध्येही कमी उंचीच्या गावांना आजकाल बर्फ पुरत नाही. मग डोंगरावर तळी खणून यंत्राने बर्फ उडवतात. तो बर्फही शेवटी साठवलेले पाणीच.

दुसरे कारण सरकारचे. चिखलदरा इंग्रजांच्या नजरेत आधी भरला. जवळच्या गाविलगडावर आर्थर वेलस्लीने 15 डिसेंबर 1803 रोजी हल्ला करून तो घेतला. पुढे 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर पोचला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि वऱ्हाडच्या साहेबांचे उन्हाळी ठिकाण म्हणून चिखलदऱ्याला बंगले, कॉफीचे मळे, मिशनऱ्यांची घरे आली. पचमढीचे नाव केले कॅप्टन जेम्स फोर्सिथने. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक 1871 मध्ये छापले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपूरमार्गे जोडली गेली होती. पिपरिया स्टेशन त्याच मार्गावर पडले, पचमढीच्या थेट पायथ्याशी. चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या अचलपूरलाही रेल्वे आली, पण ती छोटी, मूर्तिजापूरहून येणारी ‘शकुंतला’. ती आणली कापसासाठी, साहेबांच्या सुट्टीसाठी नव्हे.

खरा निकाल लागला 1903 मध्ये. वऱ्हाड पचमढीच्या मध्य प्रांताला जोडला गेला. सरकार एक झाले, त्याला उन्हाळी गाव एकच पुरे होते आणि मान पचमढीला मिळाला. नागपूरचे सचिवालय उन्हाळ्यात तिकडे जायचे. 1938 च्या मे महिन्यात प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळातले भांडण मिटवायला सरदार पटेलांसमोर जो समझोता झाला, तो पचमढीतच. तो टिकला नाही, जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला आणि पुढचे रामायण नागपूरकरांना तोंडपाठ आहे. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की, मराठी विदर्भ आणि हिंदी महाकोशल यांच्यातली ओढाताण मिटवायला जी जागा निवडली, ती दोघांनाही आपली वाटत होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी एका रात्रीत आपल्यासाठी परराज्य झाली.

कागदावर, म्हणजे. महादेवाच्या भक्तांना ही बातमी अजून पोचलेली नाही. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या वाटेवर जा. अवघड चढ, धुके, चिखल आणि कानावर पडणारी बोली आपली. महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारेही कितीतरी विदर्भातलेच. आणि आपल्या दारातली सालबर्डी? गाव सरहद्दीवर, माडू नदीच्या काठी. तिथला तो छोटा महादेव, पचमढीचा तो मोठा. सालबर्डीच्या गुहेतून भुयार थेट पचमढीला निघते, असे म्हणणारे आजही भेटतात. मी भुयाराच्या भानगडीत पडत नाही. पण लोकांनी हे दोन डोंगर मनात कसे जोडून घेतले, ते त्यातून दिसते.

आता जाण्यायेण्याचे. चिखलदऱ्याला परतवाड्याहून एसटी आहे, दिवस उगवताना निघून रात्री घरी येता येते. मध्य प्रदेशचे परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळले गेले, त्यामुळे सरहद्दीपलीकडे गाडी खाजगी. वरूड, पांढुर्णा, छिंदवाडा, तामिया अशी वाट धरली तर छिंदवाड्याच्या अलीकडेपर्यंत मराठीत भागते. रेल्वेने जायचे तर मोर्शीहून नरखेड, मग इटारसी, मग पिपरिया. पचमढीत पोचल्यावर बऱ्याच जागा जंगल खात्याच्या ताब्यात, तिथे आपली गाडी चालत नाही, स्थानिक जिप्सी करावी लागते. तिचे भाडे ऐकून आपला माणूस चिडतो. मला मात्र तो नियम पटतो. चिखलदऱ्याला रविवारी देवी पॉइंटवर मोटारींची जी कोंडी होते ती पाहिली की जास्तच पटतो. आणि गाड्या मोजायच्या सोडून आपण काचेच्या स्कायवॉकची चर्चा वर्षानुवर्षे करतो आहोत.

चिखलदऱ्यात मला काय आवडते ते सांगायला हवे, नाहीतर वाटेल हा पचमढीचा एजंट आहे. ऑगस्टातले धुके. भीमकुंडाचा आवाज. गाविलगडाच्या भिंतीवरचे शेवाळ. मेळघाटातल्या गवळ्यांचा खवा. आणि वाघाचे जंगल, देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतले एक. पचमढीला हे सगळे थोडेफार आहे, पण तिथे छावणी आहे, शिस्त आहे, रस्त्याकडेला चुना मारलेले दगड आहेत. पावसाळ्यात भिजायला निघालेल्या माणसाला शिस्तीचे काय करायचे असते?

तेव्हा माझी वाटणी अशी आहे. मे महिना पचमढीला द्या, जुलै ते ऑक्टोबर चिखलदऱ्याला. मृग बहार धरणाऱ्याला मेमध्ये बाग ताणावर सोडलेली असते, चार दिवस निघणे जमते. आंबिया बहारवाल्याची मेमध्ये सुटका नाही, त्याने पावसाळ्याची वाट पाहावी. आणि कुकरू विसरू नका. बैतूल जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या उत्तरेला, तेवढ्याच उंचीवर, तिथेही कॉफीचा मळा आहे. आजूबाजूच्या गावांतली कोरकू माणसे दोन्हीकडे एकच भाषा बोलतात, त्यांच्या सोयरिकी सरहद्दीच्या अल्याड-पल्याड होतात. चिखलदरा आणि कुकरू यांच्यामध्ये रोज एक बस सुरू करायला दोन सरकारांना कितीसा खर्च येणार आहे? झेरमॅटवाल्यांनी तर डोंगरावरून दोर ताणला. परतवाडा आगार आपल्याकडे आहे, भैसदेही पलीकडे आहे. समोर बसलेल्या लोकप्रतिनिधींनी हे टिपून घ्यावे, व्याख्यान संपल्यावर मी अर्जाचा मसुदा घेऊन दाराशीच उभा राहणार आहे.