दुर्बळ देहाचा योगाभ्यास

(आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील रुग्णमेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत मंदिराच्या भिंतींना नवा रंग लागला, घंटेला नवी दोरी मिळाली, आणि गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनीं या धर्मग्रामासाठीं श्रम केले त्यांचीं नांवें वेदीवरून वाचून दाखविण्यांत आलीं. त्यांपैकीं कित्येकजण आज येथें हजर आहेत. परंतु ते आपल्या पायांनीं चालत आलेले नाहींत. कोणास मुलानें खांद्याचा आधार देऊन आणिलें, कोणास चाकांच्या खुर्चींतून आणिलें, आणि कांहींजण तर कित्येक महिन्यांनीं आज प्रथमच घराचा उंबरा ओलांडून आले आहेत. ज्या हातांनीं या मंदिरासाठीं दगडविटा वाहिल्या, त्यांतले कांहीं हात आज पाण्याचा पेला स्थिर धरूं शकत नाहींत. म्हणून गतकाळाचें गुणवर्णन करण्याऐवजीं या हातांसाठीं काय करतां येईल, याविषयीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. सुमारें बारा वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. त्यांस कंपवात जडला होता. वैद्यांनीं औषध दिलें होतेंच. शिवाय खुर्चीवर बसून करावयाचीं सोपीं आसनें जेथें शिकवितात अशा एका वर्गास जाण्याचा सल्लाहि दिला होता. “फादर, ख्रिस्ती माणसानें तेथें जावें काय?” येवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही घाईंत होतों. “तें आपलें नव्हे, त्यापेक्षां जपमाळ अधिक करा,” असें सांगून आम्हीं त्यांस वाटेस लाविलें. त्यांनीं आमचा शब्द पाळला. जपमाळ तर ते पूर्वींपासून करीतच होते. पुढें ती खुर्चींत बसून आणि त्यानंतर अंथरुणांत पडून करूं लागले. वर्गास गेल्यानें त्यांचा रोग बरा झाला असता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कांहीं काळ अधिक ते आपल्या पायांनीं अंगणांत उतरले असते, हें संभवनीय होतें. आणि तो संभव आमच्या एका अविचारी वाक्यानें बुजून गेला. आजचें हें भाषण त्या वाक्याचें प्रायश्चित्त समजावें.

तेव्हां त्या शिक्षकांच्या प्रश्नाचें उत्तर आज देतों. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांविषयींची आपली घोषणा प्रसिद्ध केली, आणि त्या धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची शिकवण आपणांस दिली. पुढें १९८९ सालीं श्रद्धासिद्धान्त मंडळानें ख्रिस्ती ध्यानासंबंधीं बिशपांस एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, शरीराची बैठक व श्वास यांचें साहाय्य प्रार्थनेस होऊं शकतें. मात्र शरीरास लाभणारें सुख म्हणजेच पवित्र आत्म्याची कृपा, असा भ्रम कोणी करूं नये. आमच्या मतें या दोन गोष्टींत सर्व आलें. आंखडलेला सांधा मोकळा करणें म्हणजे श्रद्धा बदलणें नव्हे, आणि सांधा मोकळा झाला म्हणजे मोक्ष मिळाला असेंहि नव्हे. ही विद्या आमच्या हिंदु बांधवांच्या पूर्वजांनीं जतन केली. ती घेतांना कृतज्ञतेनें घ्यावी, हिणवून घेऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.

शिवाय ही विद्या आपल्या अंगणांतच वाढली आहे. मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर श्री. योगेंद्र यांनीं १९१८ सालीं आपली संस्था काढिली. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हें यंत्रांनीं तपासण्यास आरंभ केला. परंतु आजच्या विषयास सर्वांत जवळचें नांव पुण्याच्या श्री. बी. के. एस. अय्यंगार यांचें आहे. त्यांचा जन्म १९१८ सालचा. बाळपण आजारांत गेलें. क्षयानेंहि त्यांस गांठलें होतें. १९३७ सालीं ते पुण्यास आले आणि २०१४ सालीं तेथेंच निवर्तले. ज्याचें शरीर आसनापर्यंत पोंचत नाहीं, त्याच्या शरीरापर्यंत आसन आणून पोंचविणें, हें त्यांचें मोठें कार्य. त्यासाठीं त्यांनीं लांकडी विटा, पट्टे, लोड, भिंतीस बांधलेले दोर आणि साधी घडीची खुर्ची हीं साधनें उपयोगांत आणिलीं. वांकून हात जमिनीस लागत नाहीं? मग हाताखालीं वीट ठेवा. उभें राहवत नाहीं? मग भिंतीस टेका. माणसास आसनासाठीं मोडूं नये. आसनास माणसासाठीं वळवावें, हें त्यांतील मर्म होय.

या मर्माची साक्ष अमेरिकेंतील मॅथ्यू सॅनफर्ड हे गृहस्थ देतात. १९७८ सालीं, तेरा वर्षांचे असतांना, मोटारीच्या अपघातांत त्यांचे वडील व बहीण मरण पावलीं, आणि त्यांच्या स्वतःच्या शरीराचा छातीखालील भाग कायमचा लुळा झाला. त्या भागास विसरून जाण्यास त्यांस शिकविण्यांत आलें होतें. पुढें तरुणपणीं त्यांनीं अय्यंगार पद्धतीचा अभ्यास आरंभिला. त्यांचे पाय चालूं लागले नाहींत; ते आजहि चाकांच्या खुर्चींतच वावरतात. परंतु आपल्या उरलेल्या देहाशीं त्यांचें तुटलेलें नातें जुळलें, आणि ते स्वतः इतरांस योग शिकवूं लागले. २००६ सालीं त्यांनीं हें सर्व पुस्तकरूपानें लिहिलें.

आतां रोगांविषयीं थोडें. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं कंपवाताचें वर्णन एका लहान पुस्तकांत केलें, म्हणून त्यांचें नांव त्या रोगास मिळालें. मेंदूंत डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. त्यामुळें हात कांपतो, स्नायु ताठरतात, पाऊल आंखूड पडतें, आवाज बारीक होतो आणि तोल जातो. पक्षाघातांत मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तेथें रक्तस्राव होतो, आणि बहुधा विरुद्ध बाजूचें अंग लुळें पडतें. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांत मज्जातंतूंवरील वेष्टन झिजतें. तारेचें वेष्टन झिजल्यावर वीज जशी नीट वाहत नाहीं, तसे मेंदूचे संदेश अडखळतात. या तिन्हींत रोगाइतकीच हानि न हालण्यानें होते. न हालणारा सांधा आंखडतो, न वापरलेला स्नायु सुकतो, आणि पडण्याच्या भीतीनें बसून राहिलेला माणूस अधिकच पडतो. उलटपक्षीं मेंदूचा एक गुण असा कीं, वारंवार केलेल्या हालचालींतून त्याचे शाबूत भाग कांहीं अंशीं नवे मार्ग शिकतात. म्हणून थोडें, पण नित्य करणें यांत हित आहे.

याची परीक्षाहि झाली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या ६९ जणांवर अमेरिकेंत ६ महिने प्रयोग करण्यांत आला व तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. अय्यंगार पद्धतीचा योग करणाऱ्यांचा व स्थिर सायकलीवर व्यायाम करणाऱ्यांचा थकवा, कांहींच न करणाऱ्यांपेक्षां कमी झाला. बुद्धीच्या कार्यांत मात्र फरक पडला नाहीं. हाँगकाँगमध्यें कंपवाताच्या, पण उभें राहूं व चालूं शकणाऱ्या, १३८ रोग्यांवर ८ आठवडे प्रयोग झाला. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. हालचालीच्या बाबतींत योग हा इतर व्यायामाच्या बरोबरीचा ठरला. चिंता व खिन्नता कमी करण्यांत तो सरस ठरला. पहा, यांत चमत्कार कोठेंहि नाहीं. परंतु ज्याच्या घरांत असा रोगी आहे त्यास खिन्नता कमी होणें म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं.

मग करावें तें काय? चाकें व हात नसलेली भक्कम खुर्ची घ्या व तिची पाठ भिंतीस लावा. तिच्या पुढल्या अर्ध्या भागावर बसा. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवा. न टेकतील तर खालीं पाट ठेवा. कोणी वरून डोकें हळूच उचलीत आहे अशा भावानें पाठीचा कणा ताठ करा, आणि सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडा. श्वास कोंडूं नका. मग टांचा उचला, मग चवडे उचला. एक काठी दोन्ही हातांनीं धरून खांद्यापर्यंत वर न्या. दुबळ्या हातास काठीच्या योगें बळकट हात नेतो. एका हातानें खुर्चीची पाठ धरून अंग हलकेंच एका बाजूस वळवा, मग दुसऱ्या. उठतांना पाय मागें घ्या, नाक पायांच्या बोटांपुढें येईल इतकें वांका, आणि मग उठा. ज्यास उभें राहवतें त्यानें ओट्यास धरून टांचा उचलाव्या. कंपवातांत पाऊल जमिनीस खिळतें. अशा वेळीं अंक मोजावे, भजनाचा ठेका धरावा, किंवा जमिनीवरील रेघ ओलांडावी, म्हणजे पुष्कळांचें पाऊल सुटतें. आवाज बारीक झाला असेल तर दीर्घ गुंजारव करावा, स्तोत्र मोठ्यानें गावें. शेवटीं गुडघ्यांखालीं उशी घेऊन पांच मिनिटें पडून राहावें. आरंभीं १० मिनिटें पुरेत.

पथ्येंहि तितकींच महत्त्वाचीं आहेत. वैद्यांस विचारल्यावांचून आरंभ करूं नये, आणि औषधाची एकहि मात्रा बंद करूं नये. कंपवाताच्या रोग्यानें औषधाचा गुण अंगीं असतांना अभ्यास करावा. उठल्यावर पुष्कळांचा रक्तदाब उतरतो, म्हणून क्षणभर बसून मग उभें राहावें. पक्षाघाताच्या रोग्याचा लुळा हात कोणीहि ओढूं नये, खांदा निखळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यानें उकाड्यांत श्रम करूं नयेत. शीर्षासन व जोरजोराचा श्वासोच्छ्वास यांच्या वाटेस कोणीच जाऊं नये. जवळ एक धडधाकट माणूस असावा. आणि हें पक्कें ध्यानांत ठेवा: चेहरा एकाएकीं वांकडा झाला, हात गळाला, किंवा वाचा अडखळली, तर ती आसनांची वेळ नव्हे, तेल चोळण्याचीहि नव्हे, तत्क्षणीं मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रक्ताच्या गुठळीमुळें झालेल्या पक्षाघातांत गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें.

परंतु खुर्चीपर्यंत येण्यास सर्वांत मोठा अडथळा पायांचा नसून लाजेचा आहे. कांपणारा हात पदराखालीं लपविला जातो. लाळ गळते म्हणून पंगतीस बसणें टळतें. प्रभुप्रसाद घेतांना हात थरथरेल म्हणून मिस्सेस येणें थांबतें. अशांस आम्ही पोप दुसरे जॉन पॉल यांचें स्मरण देतों. १९८६ सालीं ते मुंबईस आले तेव्हां त्यांची चाल आपल्यांतील कित्येकांनीं पाहिली आहे. पुढें त्यांस कंपवातानें ग्रासलें. त्यांचा हात कांपे, शब्द अस्पष्ट येत, शेवटीं तर चालवेना. तरी २००५ सालीं प्रभूघरीं जाईपर्यंत त्यांनीं तो हात जगापासून लपविला नाहीं.

आमच्या सभागृहांत गेलीं दोन वर्षें मंगळवारीं व शुक्रवारीं सकाळीं दहाबारा खुर्च्या मांडल्या जातात. एक शिकलेली व्यायामचिकित्सक भगिनी येऊन शिकविते; हिंदु शेजारीहि येतात. तेथें येणाऱ्या एका आजीबाईंचें उजवें अंग पक्षाघातानें गेलें होतें. त्यांस चालण्याची तितकीशी खंत नव्हती. “फादर, क्रूसाची खूण डाव्या हातानें करावी लागते, हें मनास लागतें,” असें त्या म्हणत. बाईंनीं त्यांस डाव्या हातानें उजवें मनगट खालून धरण्यास शिकविलें. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा: हेंच त्यांचें आसन झालें. उजवा हात आजहि स्वतः वर जात नाहीं. परंतु गेल्या पुनरुत्थान सणास पहिल्या बांकावर बसून त्यांनीं डाव्याच्या आधारानें उजव्या हाताची खूण पुरी केली. आम्हीं वेदीवरून तें पाहिलें, आणि ज्यांस आम्हीं वाटेस लाविलें होतें ते शिक्षक आम्हांस आठवले.

म्हणून निरोगी बांधवांस आमची विनंति अशी: आपल्या आळींत जो दाराआड बसला आहे त्यास हात धरून आणा. आणि जे आजारी आहेत त्यांस विनंति अशी: येण्यास लाजूं नका, आणि विचारण्यासहि लाजूं नका. यापुढें कोणीं प्रश्न विचारिला तर आम्ही घाईंत असणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस सांभाळो.