शहाबादी फरशीचं पेन
(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



‘दगडाचं पेन खरंच चालतं का रे?’ असं चहाच्या वेळी तिघांनी विचारलं, म्हणून मला ही पाच मिनिटं मिळाली आहेत.

चालतं. निब आणि शाईचा भाग नेहमीचा, बाजारातला. दगडाची असते ती दांडी आणि टोपण. माझा दगड म्हणजे डिलाईल रोडच्या आमच्या खोलीतली शहाबादी फरशी. चाळ पाडायला घेतली तेव्हा डेब्रिजच्या गाडीत जाण्याआधी दोन फरशा मी उचलून आणल्या.

शहाबादी हा थराथरांचा चुनखडक. पट्टी थराच्या दिशेनेच कापायची. आडवी कापली तर भोक पाडताना चकत्या सुटतात. भोक हिऱ्याच्या पोकळ बिटने, पाणी सोडत, सावकाश. खरी धास्ती शेवटच्या दोन मिलिमीटरची. बिट पलीकडे निघताना कड उडते. मागे लाकडाचा तुकडा चिकटवला की ती बहुधा शाबूत राहते. दगडात आटे पाडायचे नाहीत, आवळताना कपचा निघतो. आत पितळेची नळी बसवायची आणि आटे तिला. पितळ उष्णतेने दगडाच्या दुपटीहून जास्त फुगतं, म्हणून मध्ये इपॉक्सीचा जरा जाड थर ठेवतो. शाई मात्र दगडाला लागू द्यायची नाही. मोरी ॲसिडने धुताना फरशीवर फेस यायचा, आठवतं ना? काही शायांतही आम्ल असतं.

लेथ मला वडिलांनी शिकवला. ते गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर होते. १९८२ चा संप लांबला तसे एका गाळ्यात कामाला लागले, आणि शाळा सुटली की मी तिथे. लोखंडाचा कीस लांब वेटोळा निघतो, हातात धरून बघावा असा. दगडाची नुसती भुकटी, तीही छातीला वाईट. म्हणून सगळं काम ओलं, तोंडाला मास्क.

हल्ली दगडाची पूड रेझिनमध्ये कालवूनही पेनं करतात. पडली तरी सहसा फुटत नाहीत. मला ती दगडाची वाटत नाहीत, एवढंच.

माझी फुटतात. पहिल्या फरशीच्या अकरा पट्ट्या निघाल्या, पेनं झाली चार. दुसरी फरशी अजून शिल्लक आहे, पण ती किती पुरणार?

तुमच्यापैकी काहींच्या खोल्या अजून उभ्या आहेत. रिकाम्या करताना वीतभर फरशी बाजूला काढून ठेवा. मी पेन करून देईन, पैसे नकोत. फक्त शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांनी मागू नये.

चारांतलं एक इथे टेबलावर आहे. आधी बाईंनी लिहून बघावं. बाई, टोपण फिरवून काढा, ओढू नका, आणि हात टेबलाच्या वरच राहू द्या.