परसातलं पहिलं खरबूज

मी कन्नडहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळं तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हिशेबाच्या वहीवरून ओळखतात. आज वही बाजूला ठेवते आणि मागच्या उन्हाळ्यात परसात लावलेल्या खरबुजाचं सांगते.

मका, कपाशी, अद्रक आपल्या तालुक्यात कुणाला शिकवायला नको. शेंदाडं तर बाजरीत आपोआप यायची. तणनाशकाच्या फवारण्या वाढल्या तशी ती बांधावरूनही दिसेनाशी झाली. खरबूज मात्र नदीच्या वाळूतलं नाहीतर मल्चिंगवाल्यांच्या रानातलं, आपलं नव्हे, असंच मी धरून चालले होते. परसबागेत आपण मेथी, पालक, दोडका लावतो, पण पोरांच्या हातात देण्याजोगं गोड काही त्यात नसतं. म्हणून म्हटलं, चार वेली लावून बघू.

पहिली घाई बियाण्यात झाली. बाजारातून आणलेलं फळ गोड लागलं, त्याच्याच बिया धुऊन ठेवल्या. ते फळ संकरित वाणाचं असेल तर त्याच्या बियांतून तसंच फळ येईल असं नसतं, हे कृषी सहायकांनी सांगितलं तेव्हा कळलं. मग सुधारित वाणाचं पाकीट आणलं. बंगळूरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का जीत’ हे लहान फळाचं वाण आहे. फळ साधारण अर्धा किलोचं, नारिंगी सालीचं आणि चांगलं गोड. परसाला असलंच लहान फळ बरं, एका घरात एका वेळी संपतं.

दुसरी घाई थंडीची. संक्रांतीच्या आठवड्यात बी टोकलं, ते जमिनीतच कुजलं. खरबुजाला ऊब लागते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा लावलं, या वेळी बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं. मोड दिसल्यावर लावलं. हातभर रुंद खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत आणि माती, वर थोडा उंचवटा. दोन खड्ड्यांत तीन-चार फुटांचं अंतर. खड्ड्यात तीन बिया, उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवायचं. उपटताना जीव तुटतो, पण ठेवलीत तर तिन्ही रोपं मुकाट उपाशी राहतात.

रोप दोन पानांचं झालं की लाल भुंगे येतात आणि पानांची चाळणी करतात. सकाळी दंव असताना चुलीची राख चाळून टाकायची आणि भुंगे हातानं वेचायचे. चार-पाच पानांवर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. फळ धरतं ते बहुतेक या फांद्यांवरच.

होळीच्या सुमारास वेली पिवळ्या फुलांनी भरल्या. मी खूश. आठ दिवसांत फुलं गळून खाली पडली, फळाचा पत्ता नाही. सासूबाई म्हणाल्या, “वांझ वेल आहे, उपट अन् गवार लाव.” हे मी गटाच्या बैठकीत हसत हसत सांगितलं. सगळ्या हसल्या. एक ताई मात्र मान खाली घालून पदराचं टोक गुंडाळत बसल्या. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झालीत. माझ्या तोंडून गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी कृषी सहायकांना विचारलं, तर कळलं की आधी येणारी फुलं नर असतात, ती गळायचीच. फळाचं फूल मागून येतं, त्याच्या बुडाशी बोराएवढी लहानशी गाठ असते. म्हणजे वेलीत काहीच खोट नव्हती, आम्हीच आठ दिवसांत निकाल देऊन बसलो होतो. आपल्याकडं फळ धरलं नाही की आधी वेलीलाच नावं ठेवतात. मी त्या ताईंच्या घरी गेले, माफी मागितली आणि उरलेल्या बियांतून उगवलेली दोन रोपं त्यांच्या परसात लावून दिली.

मधमाश्या कमी असतील तर हे काम आपण करायचं. सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग गाठीच्या फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. ताई हे माझ्यापेक्षा नीट करतात, माझा हात जड आहे. फुलाच्या दिवसांत कीटकनाशक मारू नका, आधी मधमाश्या मरतात. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा, फळमाशी टोचत नाही. टोचलेलं, सडलेलं फळ उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. जमिनीवरच्या फळाखाली पाचट घाला. वेल कुंपणावर चढवली असेल तर जुन्या साडीची झोळी बांधा.

पाण्याचं सांगते, कारण एप्रिलात आपल्याकडं हंडाच मोजून वापरावा लागतो. मी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वेलींना दिलं, साबणाचं नाही. रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा तीन दिवसांनी बुडाशी भरपूर द्या, वर पालापाचोळा पसरा. फळ पिकायला लागलं की पाणी कमी करा. माझ्या घरी पाहुणे आले, पाणी जास्त उरलं आणि मी प्रेमानं सगळं वेलींना ओतलं. दोन फळं तडकली, तिसरं काकडीसारखं फिकं निघालं.

फळ धरल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात ते तयार होतं. ओढून तोडू नका. देठाच्या मुळाशी बारीक चीर दिसते, वास सुटतो आणि हात लावताच फळ सुटून येतं. माझ्या चार वेलींवर अक्षय तृतीयेपर्यंत नऊ चांगली फळं निघाली. विकायला काढली नाहीत. सासूबाईंनी पहिली फोड खाल्ली आणि गवारीचं नाव काढलं नाही.

ताईंच्या दोन वेलींना पाच फळं आली. त्यातलं एक त्यांनी बैठकीत आणून सतरंजीवर ठेवलं आणि स्वतः कापून सगळ्यांना वाटलं. यंदा बियाण्याचं पाकीट गट मिळून घेणार आहे, बी मोजून वाटायचं काम त्यांच्याकडं दिलंय. तुमच्या गटालाही लावायचं असेल तर संक्रांत होऊ द्या, थंडी ओसरू द्या आणि मग खड्डे घ्या.