दैनिक सरासरीच्या विरोधात



  

परिषदेच्या अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. राफ्ट आणि कयाकसाठी नदीत किती पाणी लागते, हा प्रश्न अमेरिकेत १९८६ नंतर गांभीर्याने घेतला गेला. जलविद्युत प्रकल्पाला परवाना देताना विजेइतकाच मासळीचा आणि नदीवरच्या करमणुकीचाही विचार व्हावा, अशी दुरुस्ती त्या वर्षी तिथल्या कायद्यात झाली. १९९३ मध्ये व्हिटकर, शेल्बी आणि सहकाऱ्यांची अशा अभ्यासाच्या पद्धतींची पुस्तिका आली. आपल्याकडे २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना निघाली. त्यात ऋतुमानानुसार प्रवाहाच्या २०, २५ आणि ३० टक्के असे प्रमाण आहे, आणि तेही दहा-दहा दिवसांच्या सरासरीवर.

आढावा इथेच थांबवतो. कारण माझे सगळे भांडण या ‘सरासरी’शी आहे, आणि ते मांडायला इतकी वर्षे असे व्यासपीठ मिळाले नव्हते.

समजा, एका धरणाखालचे वीजगृह दिवसातून चार तास चालते. त्या वेळी नदीत सेकंदाला ६० घनमीटर पाणी आहे, उरलेले वीस तास ३ घनमीटर. दैनिक सरासरी येते साडेबारा. आता मला सांगा, साडेबारा घनमीटरची नदी कोणी पाहिली? वाढत्या आणि ओसरत्या पाण्याचे काही क्षण सोडले, तर ती तिथे नव्हतीच. पण अहवालात तीच छापली जाते आणि तिच्यावरून ‘नौकानयनास पुरेसे’ किंवा ‘अपुरे’ असा शेरा मारला जातो. दोन्ही शेरे खोटे. चार तास ती नदी उत्तम आहे आणि वीस तास तिथे खडक उघडे आहेत.

लांब जायला नको. कोलाडची कुंडलिका घ्या. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातली नदी. तिचे पाणी मुळशीला अडवून सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते, १९२७ पासून. त्या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांनी काय सोसले आणि सेनापती बापट त्यांच्यासाठी कसे लढले, हे मी वेगळे सांगायला नको. वीज करून झालेले ते अवजल कुंडलिकेत येते. सकाळी पाणी सुटते आणि त्याच्या मागोमाग राफ्ट निघतात. तिथला गाइड आदल्या दिवशी एकच गोष्ट विचारतो: पाणी किती वाजता आणि किती वेळ? सरासरी किती, असे विचारणारा गाइड मला अजून भेटलेला नाही.

‘किती वेळ’ हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना गौण वाटतो. तो गौण नाही. सोडलेल्या पाण्याची लाट त्या पाण्यापेक्षा वेगाने पुढे सरकते. त्यामुळे दरवाजा बंद झाल्यावर ओसरतीही मागून धावत येते आणि राफ्टला गाठते. एका नदीवर शेवटची राफ्ट मधल्या उथळ पट्ट्यात अशीच अडकलेली मी पाहिली आहे. पर्यटक गुडघाभर पाण्यात उतरून ती ओढत होते. त्या दिवशीचा विसर्ग कागदावर निर्दोष होता. कमी पडला होता तो वेळ.

दुसरा वाद काल दुपारच्या सत्रात रंगला: नदीच्या छेदांवरून संगणकाने खोली काढावी, की नावाड्यांना विचारावे? माझे उत्तर अनुभवातून आलेले आहे. एका अभ्यासात आम्ही वीजगृहाला लागोपाठच्या सकाळी वेगवेगळे विसर्ग सोडायला लावले. तीच माणसे, त्याच राफ्ट, तोच टप्पा. काठावर उतरले की लगेच प्रश्नावली. संगणकाच्या मते पाणी जितके वाढेल तितके बरे होते. कयाकवाल्यांना कमी पाणीच आवडले, कारण खडकांमधून वाट काढण्यात त्यांचा आनंद. राफ्टवाल्यांना भरपूर पाणी हवे होते. आणि मधला विसर्ग, जो अभ्यासाच्या समितीने तडजोड म्हणून आधीच मनात धरला होता, तो सगळ्यांना नकोसा झाला. त्या पातळीला एका मोठ्या खडकामागे उलटे फिरणारे पाणी राफ्ट धरून ठेवत होते. हे कोणत्याही छेदात दिसत नव्हते. छेद जरूर मोजा, पण शेवटचा शब्द वल्हे हातात असलेल्याचा.

जास्त पाणी मागितले की शेती आणि विजेचे लोक अंगावर येतात. मी जास्त पाणी मागतच नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिलचा जलाशय दर शरद ऋतूत पुरासाठी जागा करायला उतरवावाच लागतो. १९८६ च्याच एका वेगळ्या कायद्यानंतर तेच पाणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सोडले जाऊ लागले आणि नदीवर जगभरातून माणसे येऊ लागली. तिथे पाणी वाढले नाही, वेळापत्रक झाले.

वेळेचा प्रश्न धरणाखालच्या नद्यांपुरता नाही. गोव्यात सत्तरीतल्या म्हादईवर पावसाळी राफ्टिंग होते. तिथे वेळ ठरवतो तो पाऊस. घाटात सर कोसळली की काही तासांत पाणी चढते, उतरते. सकाळी आठच्या एका वाचनाला त्याचा पत्ताही नसतो. आणि त्या नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांतले सारे भांडण मात्र वार्षिक टीएमसीत!

एक सल आहे, तो बोलून दाखवतो. पुराच्या रात्री गेज रीडर कंदील घेऊन दर तासाला पट्टी वाचत असत. भिजलेल्या वह्यांत त्यांचे ते सुबक अक्षर मी पाहिले आहे. एका कार्यालयात त्या वह्यांवरून दैनिक सरासरीचे तक्ते झाले आणि वह्या रद्दीत गेल्या. त्या माणसांनी नदीचे तास लिहून ठेवले होते. ते आपण घालवले आणि आता महागडे सेन्सर लावून तेच पुन्हा शोधतो आहोत.

पुढच्या कामाबद्दल: धरणाखालच्या राफ्टिंगच्या टप्प्यांची यादी करावी, निदान एका नदीवर नियंत्रित विसर्गाची चाचणी घ्यावी, गाइडांना तिच्या समितीत मताधिकार असावा. निधी आणि मुदत कार्यकारिणीने ठरवावी. संध्याकाळी मांडल्या जाणाऱ्या ठरावाच्या मसुद्यात ‘दैनिक विसर्ग प्रसिद्ध करावा’ असे वाक्य आहे. तिथे ‘दैनिक’ खोडून ‘तासवार’ लिहावे, अशी दुरुस्ती मी अध्यक्ष म्हणून नव्हे, सदस्य म्हणून सुचवतो आणि तिच्यावर मतदान मागतो.