जिल्ह्यातील पदवीधर आणि गुंतवणूक बँकिंग

(व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यात शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मला नेमून दिलेला विषय आपणांस थोडा दूरचा वाटण्याचा संभव आहे. गुंतवणूक बँकिंग म्हटले की मुंबईतील उंच इमारती डोळ्यांसमोर येतात आणि ‘हे आपल्या मुलांसाठी नव्हे’ असा निर्णय आपण मनाशी करून टाकतो. हा निर्णय कितपत योग्य आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट करणे अगत्याचे आहे. आपल्या परिचयाची बँक ठेवी स्वीकारते आणि कर्जे देते. गुंतवणूक बँकेचे काम निराळे असते. कंपनीला भांडवल हवे असल्यास भाग अथवा रोखे कोणत्या किमतीला काढावेत, ते कोणाला विकावेत, एका कंपनीने दुसरी विकत घ्यावयाची झाल्यास तिचे मोल किती धरावे, याचा हिशेब आणि सल्ला ती देते. भारतात ग्रिंडलेज बँकेने १९६७ साली ‘मर्चंट बँकिंग’ या नावाने हे काम सुरू केले. स्टेट बँक १९७२ साली या क्षेत्रात उतरली. स्थानिक स्वराज्य संस्थांचाही याच्याशी संबंध येतो. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. अशी उभारणी जाणणारी माणसे आपल्या जिल्ह्यांतूनही निर्माण व्हावीत, ही अपेक्षा केवळ काही तरुणांच्या नोकरीपुरती मर्यादित नाही.

आता अडचणीकडे वळू. या क्षेत्रातील मोठ्या संस्था ठरावीक विद्यापीठांत जातात आणि तेथूनच उमेदवार निवडतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेडिग्री’ या ग्रंथात या निवडपद्धतीचा अभ्यास मांडला आहे. मोजक्या नामांकित विद्यापीठांबाहेरून आलेल्या अर्जांकडे फारसे लक्ष दिले जात नाही आणि मुलाखतीत गुणांबरोबर राहणी, छंद व बोलण्याची ढब यांतील साम्यही पाहिले जाते, असे त्यांना आढळून आले. आपल्याकडेही अग्रगण्य व्यवस्थापन संस्थांना असाच मान आहे.

मी स्वतः तालुक्याच्या महाविद्यालयाचा पदवीधर. पदवीनंतर मी जे अर्ज पाठविले, त्यांपैकी बहुतेकांची साधी पोचही आली नाही. आपलीच पात्रता अपुरी आहे, अशी माझी समजूत झाली. अर्ज वाचलेच जात नव्हते आणि मार्ग दुसरा धरावयास हवा होता, हे कळण्यात दोन वर्षे गेली. घरची परिस्थिती बेताची असणाऱ्या मुलाला दोन वर्षे ही फार मोठी किंमत आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ती द्यावी लागू नये, एवढ्यासाठीच हा अनुभव सांगितला.

या व्यवसायाचा इतिहास मात्र उद्‌बोधक आहे. न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स या पेढीत सिडनी वाइनबर्ग हा शाळा अर्धवट सोडलेला मुलगा १९०७ साली झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागला. पुढे टपाल विभागात त्याने कामाची नवी घडी बसविली, १९२७ साली तो भागीदार झाला आणि १९३० पासून १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत पेढीची धुरा त्याच्याकडे होती. फोर्ड मोटर कंपनीचे भाग १९५६ साली प्रथम विक्रीस आले, त्या व्यवहारात तो प्रमुख सल्लागार होता. ही वाट आज राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच पेढीचे डेव्हिड सॉलोमन यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. हॅमिल्टन या लहान महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी तेथे अर्ज केला व तो नाकारला गेला. त्यांनी अन्य बँकांत काम शिकून घेतले. १९९९ साली त्याच पेढीने त्यांना थेट भागीदार म्हणून घेतले आणि २०१८ साली ते तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

यातून एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. विद्यापीठाचे नाव हा पात्रतेचा एक पुरावा असतो. तो नसेल, तर दुसरा पुरावा उभा करावा लागतो आणि त्याची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून व्हावयास हवी.

हा पुरावा कसा उभा करावा? पहिला मार्ग सार्वजनिक परीक्षांचा. सनदी लेखापालाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला महाविद्यालयाचे नाव दिसत नाही. त्या अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीत ताळेबंद वाचण्याची सवय लागते आणि मूल्यमापनाचा पाया तोच आहे. ‘सेबी’ने स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. तिच्या परीक्षांत मर्चंट बँकिंगची स्वतंत्र परीक्षा आहे.

दुसरा मार्ग स्वतःच्या कामाचा. भाग विक्रीस काढणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक ‘सेबी’च्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. वार्षिक अहवालही उपलब्ध असतात. जळगावच्या विद्यार्थ्याने जैन इरिगेशनचे, सांगलीच्या विद्यार्थ्याने किर्लोस्कर ब्रदर्सचे पाच वर्षांचे अहवाल वाचावेत, संगणकावर आकडेमोड मांडावी आणि कंपनीचे मोल आपल्या मते किती, ते दहा पानांत लिहावे. गावातील शेतकरी आणि विक्रेते यांच्याकडून त्याला जी माहिती मिळेल, ती मुंबईत बसलेल्याला सहजी मिळणार नाही. असे टिपण अर्जासोबत असले, की मुलाखतीत बोलावयास विषय मिळतो.

तिसरा मार्ग आडवाटेने प्रवेशाचा. लहान व मध्यम उद्योगांच्या भागविक्रीसाठी मुंबई शेअर बाजाराने २०१२ साली स्वतंत्र मंच सुरू केला. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या लहान मर्चंट बँका, पतमापन संस्था आणि लेखापालांच्या पेढ्या येथे नामांकित शिक्क्याचा आग्रह तुलनेने कमी असतो. तेथे दोन-तीन वर्षे काम केलेल्या उमेदवाराला पुढे कामावरून पारखले जाते.

येथे शिक्षकांची जबाबदारी सुरू होते. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी. मुंबई-पुण्यात वित्तक्षेत्रात असलेला एखादा माजी विद्यार्थी शोधून त्याला पत्र लिहावे. आपल्या मुलांना ओळखी नसतात, असे आपण म्हणतो. पण ओळख करून देणारा बहुधा शिक्षकच असतो. पंचायत सदस्यांनी वाचनालयात एक अर्थविषयक दैनिक व चालू स्थितीतील संगणक असेल, एवढे पाहावे.

दोन इशारेही द्यावयास हवेत. या व्यवसायात कामाचे तास अतिशय दीर्घ असतात आणि तो प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवेल असे नाही. तसेच नोकरीची हमी देऊन भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांसाठी कोणीही जमीन गहाण टाकू नये.

मित्रहो, दार अरुंद आहे, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगा. मात्र ते कोठे आहे, हेही त्याच वेळी दाखवा. पहिलीच गोष्ट सांगून थांबणे म्हणजे आपणच ते दार लावून घेण्यासारखे होईल.